निधनवार्ता लिहिणारीचे आजारपण

पेढे

भातकुलीच्या गावंडे सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, त्याची बातमी मी लिहिली. अमरावतीच्या ज्या दैनिकात मी काम करते त्याच्या आतल्या पानावर, सरांच्या हसऱ्या छायाचित्राखाली ती छापून आली. शाल, श्रीफळ, माजी विद्यार्थ्यांची भाषणे, सारे यथास्थित होते. फक्त शेवटचे वाक्य असे होते : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे.’

त्याच दुपारी सर स्वतः कार्यालयात आले. मागे पत्नी, आणि पत्नीच्या हातात पेढ्यांचा पुडा.

“कोन वो त्या शैलजाबाई?” दारातूनच त्यांनी विचारले. “पाहून घ्या बरं मले नीट. मी जिता हाओ का नाई?”

संपादक उभे राहिले. त्यांनी घाबरून माझ्याकडे बोट केले. सर मात्र हसत होते.

“सकायपासून घरापुढं लाइन लागून राहिली. एक जन त हार घेऊनच आला. दार म्या उघडलं, त हार तिथंच टाकून पयाला!”

“मले त चार बाया गयात पडून रडल्या,” काकू म्हणाल्या. “मी म्हनलं, अवं बाई, ते आंघोईले गेले!”

सारे कार्यालय हसू लागले. मीही हसायला तोंड उघडले, पण आतून जे बाहेर आले ते हसू नव्हते. मी रडत होते, आणि ते थांबत नव्हते. सर गडबडले. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, रडू नका. वाक्य काही वाया जात नाई. राहू द्या तसंच जुयवून, पुढंमागं लागनंच.”

“तोंडाले काही हाये का तुमच्या!” काकूंनी त्यांच्या दंडावर चापट मारली आणि आपल्या पदराने माझे डोळे पुसले. त्या पदराला हळदीचा आणि उन्हाचा वास असणार, असे मला आज वाटते. त्या दिवशी मला तो आला नव्हता. कित्येक महिन्यांत कसलाच वास आला नव्हता.

पेढे वाटले गेले. मला घरी पाठवण्यात आले.

चार ओळींचा निरोप

मी पत्रकारितेत कवितेच्या वाटेने आले. एम.ए.ला मराठी, वहीत कविता, आणि शब्दाला स्पर्श असतो, तो बोटांनी चाचपता येतो असा विश्वास. म्हणून संपादकांनी मला निधनवार्तांचे टेबल दिले तेव्हा ते मला कमीपणाचे वाटले नाही. माणसाला चार ओळींत बसवणे हे कवितेपेक्षा फार वेगळे काम नव्हते.

मग साथ आली. पहिली लाट आम्ही धावपळीत काढली. दुसरीत वाढत्या रुग्णांमुळे आमच्या शहराचे नाव राज्यभर गाजू लागले आणि माझा अर्धा स्तंभ पानभर झाला. लोकांना अंत्ययात्रेला जाता येत नव्हते. तिरडीमागे माणसे नव्हती. म्हणून मग फोन येत : “बाई, कोनालेच बोलावता आलं नाई. पेपरात त नीट लिवा.” वऱ्हाडात माणूस गेला की गाव गोळा होते, तेराव्यापर्यंत दार रिकामे राहत नाही. ती सगळी गर्दी आता माझ्या चार ओळींनी करायची होती.

मी प्रत्येकाला विचारत असे, त्यांना काय आवडायचे? बडनेऱ्याच्या एका मुलीने सांगितले, “बाबा संत्र्याची साल अखंड सोलायचे. एकच वेटोळं.” ते मी लिहिले. जागेअभावी ते कापले गेले. ते वेटोळे माझ्या टेबलावर राहिले. असे पुष्कळ काही राहिले, आणि मी ते कुठेच ठेवू शकले नाही.

गंमत अशी की त्या काळात मी ठणठणीत होते. मुखपट्टी लावून रुग्णालयाच्या फाटकाशी उभी राहत होते, संध्याकाळी आरोग्य विभागाला फोन करून आकडा घेत होते, घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ करत होते. पुढच्या वर्षी सारे उघडले. गिला वड्याच्या गाड्या परत लागल्या, वड्यांवरच्या दह्याचा पांढरा थर पुन्हा दिव्याखाली चमकू लागला, लग्नांत बँड वाजू लागले. त्या सुखाच्या दिवसांत मी बिघडू लागले. वडा तोंडात जाई आणि ओला कापूस चघळल्यासारखा वाटे. फोन वाजला की तळहात भिजत. कवितेचे पुस्तक उघडले तर शाई दिसे, ओळ दिसत नसे. स्वतःची कविता लिहायला बसले तर पहिले शब्द उमटले, ‘अल्पशा आजाराने’. मी वही मिटली.

तरी मला वाटत होते की मी फक्त थकले आहे. भाकरी करपली की वास आधी शेजारणीला येतो. माझ्या बाबतीत तो गावंडे सरांना आला.

निदानाचा दिवस

मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी चढताना मी ओढणी तोंडावर घेतली होती. विनयने, माझ्या नवऱ्याने, ती हळूच खाली केली. “आपण चोरी करायला नाही आलो,” तो म्हणाला.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांच्या खिडकीत मोगऱ्याची कुंडी होती.

“झोप कशी आहे?”

“लागत नसल्याचे समजते,” मी म्हणाले.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. “कोणाला समजते?”

विनय हसला, मग त्याला वाईट वाटले, मग डॉक्टरबाई हसल्या आणि त्याला बरे वाटले. मी स्वतःविषयी बातमीसारखे बोलते आहे हे मला तोवर कळलेच नव्हते.

त्यांनी आजाराचे नाव सांगितले, नैराश्य, त्याला इंग्रजीत काय म्हणतात तेही सांगितले. मला त्यातले एकच वाक्य पुरले : “हा आळस नाही, दुबळेपणा नाही, आणि झोप काढून जाणारा थकवाही नाही. हा आजार आहे. बरा होतो.” मी कुणाला हे समजावण्यासाठी लिहीत असेन तर एवढेच, की नाव मिळाल्याच्या क्षणी भीती वाटेल असे मला वाटले होते, प्रत्यक्षात मला खुर्चीची पाठ जाणवली. कित्येक दिवसांनी मी टेकून बसले.

“मला पुन्हा लिहिता येईल?” मी विचारले. मला बाकी कशाचीच पर्वा नव्हती.

“ते आज नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. खोटे बोलल्या नाहीत, याचे मी अजून उपकार मानते.

त्यांनी गोळ्या दिल्या. मी त्या घेतल्या, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. बातम्या वाचणे-पाहणे त्यांनी बंद करायला लावले. आणि एक विचित्र पथ्य सांगितले : “रोज कोणाला तरी एक प्रश्न विचारायचा. अट अशी की त्याचे उत्तर पेपरात छापण्याजोगे नसावे.”

चोरपावले

घरच्या माणसांविषयी लिहिणे सर्वांत कठीण असते, कारण ती चुकत नाहीत तेव्हाही आपल्याला त्यांचा राग येतो. विनयने कुकरची शिट्टी काढून ठेवली. डाळ पातेल्यात शिजवू लागला. माझ्याजवळून तो चवड्यांवर चालत जाई. एके दिवशी मी ओरडले, “पाय वाजव! मी मेलेली नाही!” तो त्या दिवशी जेवला नाही.

त्याचे एकच म्हणणे होते : राजीनामा दे. “शाळेत शिकव, शिकवण्या घे, काहीच करू नकोस. त्या टेबलाने तुला खाल्ले.” संपादकांनी दिवाळीपर्यंत जागा राखली होती. दिवाळीनंतर हो किंवा नाही सांगायचे होते. जे येत नाही ते सोडायचे कसे, आणि जे येत नाही त्याकडे परतायचे तरी कसे?

अशात एका सकाळी अकोल्याहून माझी थोरली बहीण कुंदाताई येऊन उभी राहिली. तिने घरात पाऊल टाकले, शांतता ऐकली आणि विचारले, “विनयराव, हे घर हाये का वाचनालय?”

“ताई, तिला आराम...”

“आराम लय झाला. मी नेऊन राहिली हिले. माह्याघरी झेंडू तोडाले मानसं पाह्यजे.”

काळी माती

अकोल्याच्या बाहेर कुंदाताईच्या सासरची फुलांची आणि भाजीची शेती आहे. भादव्यात काळी माती चपलेला अशी धरते की चार पावलांत आपण उंच होतो. मी पहिले काही दिवस ओट्यावर बसून राहिले. ताईने मला काहीच विचारले नाही. फक्त समोर टोपले ठेवी. सांबार निवडायचा, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. काड्या एकीकडे, पाने एकीकडे.

डॉक्टरबाईंचे पथ्य मी तिच्यावर चालवले.

“ताई, तुला कोणता रंग आवडतो?”

“कामाले लाग.”

दुसऱ्या दिवशी : “ताई, लहानपणी तुला कशाची भीती वाटायची?”

“तुही. तू रडली का माय मलेच मारे.”

तिसऱ्या दिवशी मी विचारले की भाऊजींनी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिने काय नेसले होते. ती पाटावरून उठली, कंबरेवर हात ठेवून वेलांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “जांभयं लुगडं. अन् ब्लाउज शेजारनीचं.” मग एकाएकी इतकी लाजली की पन्नाशी ओलांडलेली ती बाई टोपल्यामागे तोंड लपवू लागली. छापण्याजोगे काहीच नव्हते. मी बोटांनी सांबाराची काडी मोडली, आणि वास आला.

हिरवा, थंड, किंचित मातीचा. तो नाकातून थेट कपाळामागे गेला. मी दुसरी काडी मोडली. मग तिसरी. ताई ओरडली, “अवं, निवडून राह्यली का नासवून राह्यली?” मी म्हणाले, “वास येतो आहे.” मग तिने अख्खी जुडी माझ्या मांडीवर टाकली. “नासव,” ती म्हणाली.

हेल्मेटवाले

दर आठवड्याला एसटीने अमरावतीला यायचे, डॉक्टरबाईंना भेटायचे, परत जायचे. मूर्तिजापूरपर्यंत डुलकी, पुढे कपाशीची शेते. दवाखान्याच्या बाकावर एक गृहस्थ हेल्मेट घालूनच बसत. काच खाली. कोणी ओळखू नये म्हणून. पण अख्ख्या खोलीत नजर जाई ती त्यांच्यावरच. तिसऱ्या खेपेला उकाड्याने हरून त्यांनी ते काढले, आणि मला पाहून दचकले.

“बाई, तुमी पेपरात हाये ना? मायं नाव नका छापू जी.”

“मी सध्या कोणाचेच छापत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी हेल्मेट मांडीवर ठेवले. “काहून? तुमाले बी तेच हाये का?”

“हो.”

“मंग बरं,” ते मनापासून म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे कळून त्यांनी हेल्मेट परत घालायला घेतले. आम्ही दोघेही हसलो. ते हसू लहान होते, पण माझे होते. पुढच्या खेपेपासून ते हेल्मेट गाडीवरच ठेवून येऊ लागले.

एक लिहून ठेवते. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. वास परत आला त्याच आठवड्यात मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “वेल चढतो तसं. मध्येच लोंबतो.” लोंबणाऱ्या दिवसांना मी घाबरणे हळूहळू कमी केले.

खिरापत

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, भोवती ज्वारीच्या ताटांचा मखर. रोज संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खरा खेळ सुरू होतो : झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते ओळखायचे. यजमानीण डबा कानाशी हलवून दाखवते. ओळखल्याशिवाय खायला नाही. साथीच्या दोन वर्षांत भुलाबाई बसली ती प्रत्येकीच्या घरात, एकेकटी. खिरापत ओळखायला कोणीच नव्हते, कारण करणारी आणि खाणारी एकच.

अशाच एका संध्याकाळी पाळी कुंदाताईची होती. अंगण पोरींनी भरले. पुढे होती ताईची मुलगी रिद्धी. टिपऱ्यांचा आवाज कोरड्या लाकडाचा, गोड. ज्वारीच्या ताटांना ओलसर साखरेचा वास. मी ओट्यावर झेंडूचे देठ खुडत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची भेट होती, त्यासाठी मला न्यायला विनय यायचा होता.

गाणी संपली. ताईने डबा हलवला. काही वाजले नाही.

“लाडू?” रिद्धीने विचारले.

“नाई.”

“शिरा? उपमा? खिचडी?”

“नाई व पोट्ट्यांनो.”

“माय, तू रिकामा डबा आनला!”

“रिकामा कसा राहीन? उचलून पाह्य.”

रिद्धीने उचलून पाहिला. जड होता. पोरी हवालदिल झाल्या. एकजण म्हणाली भिजवलेली डाळ, एकजण म्हणाली दगड. ताई विजयी मुद्रेने डबा पोटाशी धरून उभी.

आणि मी कसे कोण जाणे, बोलले. पुस्तकी मराठीत नाही. आईच्या बोलीत.

“कुंदाताई, ते जमिनीतलं हाये का वरचं?”

पोरींच्या माना ओट्याकडे वळल्या. ताईने माझ्याकडे पाहिले. “वरचं.”

“झाडाचं का येलाचं?”

“...येलाचं.”

“तयलं का उकडलं?”

“काहून सांगू?”

“सांगू नको. पदराले तेल लागून हाये.” पोरी खिदळल्या आणि ओट्याजवळ सरकल्या. “गूय टाकला का साखर?”

“अवं, हे पेपरवाली हाये का पोलीस?”

“उत्तर टायू नको. गूय का साखर?”

“गूय!” ताई ओरडली, आणि जीभ चावली.

“कोहयाचे बोंडं,” मी म्हणाले. “अन् वाजू नये म्हनून फडक्यात गुंडायले. चीटिंग केली तू.”

रिद्धीने झाकण ओढले. जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेली तांबूस, गरम बोंडं, आमच्याकडची तांबड्या भोपळ्याची गोड भजी. अंगणात असा काही कल्ला उठला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली. मी हसत होते. पोट दुखेपर्यंत, ओट्याच्या खांबाला धरून. बोंडाचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि गूळ, वेलदोडा, कोहळ्याचा ओला गर हे तिन्ही मला वेगवेगळे कळले.

फाटकाशी विनय उभा होता. केव्हापासून, ठाऊक नाही.

“आता हिले कोन थांबवते,” तो म्हणाला. त्याच्या तोंडी वऱ्हाडी फार आनंदात किंवा फार दुःखातच येते.

पोरी खाऊ लागल्यावर तो माझ्याजवळ ओट्यावर बसला. “तू नोकरी सोडावीस असं मला वाटायचं,” तो म्हणाला, “कारण मला वाटलं तू पुन्हा कधी हसायची नाहीस.”

“मला ते काम हवे आहे,” मी म्हणाले. म्हणेपर्यंत मलाही ते माहीत नव्हते. “पण ते टेबल एकटीचे नको. आळीपाळीने. आणि मधल्या दिवसांत दुसरे काही लिहीन.”

“दुसरं काय?”

मी अंगणाकडे पाहिले.

बातमी

पिठाच्या पिशवीचा कागद मिळाला, रिद्धीची पेन्सिल मिळाली. पहिली ओळ दोनदा खोडली. ‘दोन वर्षांच्या खंडानंतर’ असे लिहिले, तेही खोडले, कारण ते कोणीही लिहिले असते. मग लिहिले : ‘अकोल्याजवळच्या एका अंगणात काल डबा हलवला तेव्हा काहीच वाजले नाही.’ आणि हात थांबला नाही.

“मावशी, आमचं नाव येईन का पेपरात?” पोरींनी मला गराडा घातला. त्यांच्या बोटांचे तेल कागदाला लागले.

“येईल. सांगा.”

“माहं पयलं!”

“तुहं काहून पयलं? म्या टिपऱ्या आनल्या!”

“ओळीने,” मी म्हणाले. “एकही सुटणार नाही.” संपादक कापतील तर मी भांडणार होते, हे मला तेव्हाच ठरल्यासारखे वाटले. मी नावे लिहीत गेले. मग कुणाचे राहू नये म्हणून उभी राहून, मोठ्याने, वाचून दाखवली.

“रिद्धी.”

“हाव!”

“आरोही.”

“हाव!”

“मंजिरी. जोया. दोघी वैष्णवी.”

“हाव! हाव!” दोघी वैष्णवी एकमेकींना ढकलत ओरडल्या. प्रत्येक नावाला अंगणातून उत्तर येत होते, कुणी तोंडात बोंड धरून, कुणी उडी मारून. मी मुद्दाम सावकाश वाचत होते. नावे संपली तेव्हा स्वयंपाकघरातून, कढईच्या चुरचुरीवरून आवाज आला :

“अन् माहं कुठी गेलं व?”

मी कागद खांबावर टेकवला आणि लिहिले.

“कुंदा.”

“हाव!”